वऱ्हाडी अंगणातला वसंत

वसंत ऋतू म्हटला की आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना आधी पुस्तके आठवतात. कालिदासाने ‘ऋतुसंहारा’ची सुरुवात ग्रीष्मापासून केली आणि शेवट वसंतावर केला, म्हणजे ग्रीष्म आणि वसंत ही त्याच्या काव्याची दोन टोके, मधे चार ऋतूंचे अंतर! इंग्रजीच्या तासाला भेटणारा वसंत बर्फ वितळवीत येतो, गवताला जाग आणतो आणि बागवानाच्या हाती कुदळ देतो. ही दोन्ही चित्रे वाचायला फार गोड आहेत. परंतु ती घेऊन अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या एखाद्या अंगणात उभे राहिले की पंचाईत होते. माघ संपत आलेला असतो, दुपारचे ऊन चटका देऊ लागलेले असते, विहिरीचे पाणी खाली चाललेले असते. आणि ज्या निंबाच्या सावलीत आपण उभे राहायचे तो निंबच भराभर पाने टाकीत असतो. आजी सकाळी अंगण झाडते आणि चहा होईपर्यंत ते पुन्हा पिवळे होते. याला वसंत म्हणायचे की शिशिर?

हा प्रश्न मला केवळ कुतूहलापोटी पडलेला नाही. या प्रश्नाचे उत्तर वेळेवर ठाऊक नसल्यामुळे माझ्या हातून एका झाडाचे नुकसान झाले. ती हकीकत पुढे सांगणारच आहे. त्याआधी आपल्या अंगणात वसंत कोणत्या वाटेने येतो ते पाहू.

पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा. पण वसंतपंचमी येते माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे चैत्राच्या दीड-पावणेदोन महिने आधी. लहानपणी मला ही चूक वाटे. आता वाटते की ती वर्दी आहे. पाहुणा यायच्या आधी त्याची चिठ्ठी यावी तशी. ज्याच्या घरी आंब्याचे झाड आहे त्याला ही चिठ्ठी वाचता येते, कारण साधारण त्याच सुमाराला आंब्याला मोहर असतो. अमरावतीला माझ्या मामांच्या घरामागे गावरान आंबा आहे. जानेवारीत एखाद्या सकाळी मामी ओट्यावर येते, वर पाहते आणि एवढेच म्हणते, “आला बापा.” मग महाशिवरात्रीला त्या मोहराची एक डहाळी बेलाबरोबर महादेवाला जाते. त्याच दिवसांत शेवगा पांढऱ्या फुलांनी भरतो आणि शिंजीर नावाचे इवलेसे पाखरू त्या फुलांतून सकाळभर फिरते. फेब्रुवारीत निंब गळू लागतो. मागोमाग पिंपळ, करंज, बेल यांचीही पाने जातात. गावाबाहेर, चिखलदऱ्याच्या वाटेला किंवा पातूरच्या घाटाकडे निघाले तर पळस पेटलेला दिसतो आणि काटेसावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले बसलेली असतात. मार्चमध्ये तांबट पक्ष्याची टुक् टुक् दुपारभर चालू राहते. पहाटे कोकीळ ओरडू लागतो. आणि हो, तो ओरडणारा काळा पक्षी नर असतो, ‘कोकिळा’ हे नाव कवींनी त्याला उगीच चिकटवले आहे. शेवटी, गुढीपाडव्याच्या सुमारास, निंबाला तांबूस कोवळी पालवी येते, त्या पालवीत बारीक पांढरी फुले येतात आणि संध्याकाळी अंगणात मधासारखा वास सुटतो. वसंत आता आत आला.

म्हणजे क्रम असा : आधी पानगळ, मग फूल किंवा पालवी. आणि हे सारे घडते ते वर्षातल्या कोरड्या दिवसांत. शेवटचा भरवशाचा पाऊस ऑक्टोबरात होऊन गेलेला, पुढचा मृगात, म्हणजे जूनमध्ये. माणूस ज्या काळात पाण्याचा हिशोब मांडतो त्याच काळात झाड नवे कपडे शिवायला टाकते. हा उधळेपणा त्याला परवडतो कसा?

उत्तर त्या पानगळीतच आहे. झाड मुळांनी जे पाणी ओढते त्याचा फार मोठा भाग पानांवाटे वाफ होऊन निघून जातो. थंडी ओसरली, हवा कोरडी झाली आणि ऊन वाढले की हा खर्च वाढतो. तेव्हा झाड काय करते? खर्चाची वाटच बंद करते. जुनी पाने टाकते. टाकण्यापूर्वी त्या पानांतले कामाचे अन्नांश ते फांद्यांत परत ओढून घेते, म्हणून पान गळण्याआधी पिवळे पडते. पाने गेली तरी मुळे काम करीतच असतात. आपली काळी माती वरून भेगाळली तरी खोलवर ओल धरून ठेवते. मुळांनी ओढलेले ते पाणी आता वाफ न होता खोडात आणि फांद्यांत साठत जाते, आणि त्याच साठ्यावर झाडाच्या कळ्या फुटतात. पानगळ ही अशी काटकसर आहे. घरात लग्न काढायचे असेल तर आई दोन वर्षे आधीपासून हात आखडता घेते, त्यातलाच हा प्रकार.

मग झाडाला वेळ कशी कळते? पाऊस तर आलेला नसतो. पुष्कळशा झाडांना ती दिवसाच्या लांबीवरून कळते. अकोला सुमारे २०.७ उत्तर अक्षांशावर आहे. येथे डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस अकरा तासांहून थोडा कमी भरतो, तर जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांहून थोडा अधिक. संक्रांतीपासून मार्चअखेरपर्यंत आपला दिवस सुमारे सव्वा तासाने वाढतो. हा फरक आपल्याला परीक्षेच्या धांदलीत जाणवत नाही, झाडाला जाणवतो. पाऊस एखाद्या वर्षी उशिरा येईल, एखाद्या वर्षी लवकर. सूर्य मात्र वेळ चुकवीत नाही. म्हणून झाड पावसाच्या भरवशावर न राहता सूर्याच्या भरवशावर पालवी काढते. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो तेव्हा त्याची पाने पुरती तयार असतात आणि पावसाळ्याचा एकही दिवस फुकट जात नाही. शिवाय कोरड्या उन्हात पाने खाणाऱ्या किडी कमी असतात. कोवळे पान जून होईपर्यंत त्याला थोडी उसंत मिळते. आंब्याचे, पिंपळाचे, निंबाचे कोवळे पान तांबूस दिसते तेही उगाच नव्हे. हिरवे द्रव्य पुरते तयार व्हायच्या आधी हा तांबडा रंग कोवळ्या पानाचे प्रखर उन्हापासून रक्षण करतो. ते त्याचे बाळलेणे नसून छत्री आहे, असे म्हणा ना!

येथेच आपला वसंत आणि पाठ्यपुस्तकातला इंग्रजी वसंत वेगळे होतात. तिकडे झाडाला निजवते ती थंडी आणि जागवते ती ऊब. म्हणून तिथला बागवान ऊब आली की पेरायला, लावायला धावतो. आपल्याकडे झाडाला निजवते ती कोरड. त्यामुळे वऱ्हाडी बागवानाचे वसंतातले पहिले काम लावण्याचे नसते, थांबण्याचे असते.

या थांबण्याला आपल्याकडे एक जुना शब्द आहे : ताण. अमरावती जिल्ह्यात वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागा आहेत. तिथल्या कोणाही बागाईतदाराला विचारा, बहार धरायचा तर आधी ताण द्यावा लागतो. डिसेंबरात बागेचे पाणी तोडतात. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, भारी काळ्या जमिनीत दोन महिन्यांपर्यंतही झाडे तशीच ठेवतात. पाने मलूल होतात, काही गळतात. झाडाची वाढ थांबते. पण पाने जे अन्न बनवतात ते वाढीत खर्च न होता फांद्यांत साठत जाते. मग खत घालून पहिले पाणी देतात, तेही हलके, आणि पुढच्या पाळ्या हळूहळू वाढवतात. दोन-चार आठवड्यांत झाड पांढऱ्या फुलांनी भरून जाते. आंब्याच्या मोहराच्या सुमारास येतो म्हणून हा आंबिया बहार. उन्हाळ्यात ताण देऊन मृगाच्या पावसावर घेतात तो मृग बहार. आमच्या मामांचे वावर मोर्शीकडे आहे. फेब्रुवारीत तिथे मुक्काम पडला तर रात्री झोप लागेपर्यंत संत्र्याच्या फुलांचा वास येत राहतो. ज्याने पाणी तोडलेली ती बाग डिसेंबरात पाहिली असेल त्याला तो वास अधिकच गोड लागतो.

बागाईतदार एकरांवर जे करतो तेच आपल्या आया-आज्या कुंडीत आणि आळ्यात करीत आल्या आहेत. मोगऱ्याचेच पाहा. मोगऱ्याचे फूल नव्या फुटव्याच्या शेंड्याला येते. जुन्या काड्या तशाच राहिल्या तर फुटवा कमी आणि फुलेही कमी. म्हणून आजी जानेवारीत मोगरा निम्मा छाटते, आळे खणून मातीला ऊन दाखवते आणि काही दिवस पाणी तोडते. त्या दिवसांत आमचा मोगरा अगदी केविलवाणा दिसतो. येणारी-जाणारी शेजारीण विचारते, “काय झालं वो मोगऱ्याले?” आजी म्हणते, “काई नाई, उपास हाये त्याचा.” मग कुजलेले शेणखत घालून पाणी सुरू होते, आणि पाडव्याच्या मागे-पुढे पहिली कळी येते. आंब्याचेही तसेच. मोहर येण्याच्या सुमारास आंब्याला भरपूर पाणी घातले तर मोहराऐवजी नुसती पालवी निघण्याचा संभव असतो. फळे वाटाण्याएवढी झाली की पाणी सुरू करावे. मोहर गळताना पाहून जीव हळहळतो. परंतु एका तुऱ्यात शेकडो फुले असतात, त्यांतली बरीचशी केवळ नर असतात आणि शेवटी तुऱ्याला एक-दोन आंबे टिकले तरी झाडाने आपले काम चोख केले असे समजावे. चिंता करायची ती ढगाळ हवेची. अशा हवेत भुरी आणि तुडतुडे मोहराचा नाश करतात. आणि कधी आभाळच उलटते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर जी गारपीट झाली तिने विदर्भातल्या कित्येक बागांचा वसंत एका दुपारी झोडपून काढला होता.

पाणी तोडणे झाले. आता पाणी देण्याचे. इथे वऱ्हाडाची एक खास अडचण आहे. आमचे मूळ गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट आहे. विहीर भरलेली असूनही झाडाला पाणी नाही, अशी तिथली गत! हे पाणी सतत दिले तर पानांच्या कडा करपतात आणि माती चोपण होऊन बसते. म्हणून आजीच्या गावच्या अंगणात दोन गंज वेगळे असत. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले गोडे पाणी एका गंजात. ते मोगऱ्याला आणि तुळशीला. भांडी घासल्याचे दुसऱ्यात, ते निंबाकडे. आता घरोघरी पाणी शुद्ध करण्याची यंत्रे आली आहेत. त्यांतून वाया जाणारे पाणी स्वच्छ दिसते म्हणून कुंडीत ओतण्याचा मोह होतो. पण मूळ पाणी खारे असेल तर या वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार आणखी एकवटलेले असतात. ते ओटा धुवायला वापरावे, झाडाला नको. अकोला शहराला काटेपूर्णा धरणाचे आणि अमरावतीला ऊर्ध्व वर्धा धरणाचे गोडे पाणी येते; पण नळ रोज येतोच असे नाही, आणि बादली मोजूनच खर्च करावी लागते. अशा वेळी निंबाची गळलेली पाने जाळून टाकण्यापेक्षा आळ्यात जाड पसरावीत. माती झाकली की ओल टिकते आणि एक बादली दोन बादल्यांचे काम करते. जी पाने पाहून आपण ‘केवढा कचरा!’ म्हणतो तीच झाडाने स्वतःच्या मुळांवर टाकलेली चादर असते.

आता ती हकीकत.

अकोल्याच्या आमच्या घरापुढे लहानसे अंगण आहे. त्यात आजीने बी टाकून वाढवलेले सीताफळ होते. २०२३ साली अंगणात गट्टू बसवायचे ठरले. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल घरात येतो, गाडी रुतते. बाबांचे म्हणणे काही चुकीचे नव्हते. मार्चमध्ये मिस्त्री आला आणि त्याने विचारले, “हे झाड ठेवायचं का? वाळलेलं दिसते.” बाबांनी माझ्याकडे पाहिले, कारण झाडांना पाणी घालण्याचे काम माझ्याकडे होते. झाडावर एक पान नव्हते. मागच्या वर्षीची दोन काळी पडलेली फळे तेवढी लटकत होती. मी म्हटले, “वाळलंच आहे. महिनाभर पाणी घालते आहे, काही उपयोग नाही.” आजी तेव्हा गावी काकांकडे होती. तिला फोन करून विचारावे असे कोणालाच सुचले नाही. अर्ध्या तासात झाड पडले. बुंध्याभोवती हातभर जागा राहिली होती, तिथे दुसऱ्या दिवशी गट्टू बसणार होते. पण सामान संपले म्हणून ते काम राहून गेले.

पाडव्याला आजी आली. तिने गुढीला नमस्कार केला, गाठी माझ्या हातात दिली आणि अंगणात गेली. बुंध्यापाशी बसून तिने नखाने साल खरवडली. आत हिरवे होते. ओले, लख्ख हिरवे. मी शेजारीच उभी होते. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “पोरी, सीताफळ फागुनात असंच राह्यते. मेलं नव्हतं वो ते.”

सीताफळ फेब्रुवारी-मार्चमध्ये संपूर्ण पाने टाकते आणि पुढे एप्रिल-मेच्या उन्हात पालवीबरोबर त्याला फुले येतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पांढरा चाफाही असाच नुसत्या बोटांसारख्या फांद्या घेऊन उभा असतो. ज्या दिवसांत ही झाडे आपल्या वसंताची तयारी करीत असतात नेमक्या त्याच दिवसांत ती मेल्यासारखी दिसतात. आणि आपण घराचे काम काढतो तेही याच दिवसांत, कारण पाऊस नसतो आणि मिस्त्री मोकळा असतो! माझी खात्री आहे की वऱ्हाडातली कितीतरी झाडे अशी झोपेत तोडली गेली असतील.

म्हणून आजीची परीक्षा सर्वांसाठी येथे लिहून ठेवते. आधी बारीक डहाळी वाकवून पाहावी. जिवंत असेल तर ती लवते, मेलेली असेल तर कट्‍कन मोडते. मोडली तरी निकाल लावू नये. शेंडे वाळलेले असू शकतात. मग जाड फांदीवर, मग खोडावर नखाने किंचित साल खरवडावी. आत हिरवे आणि ओलसर लागले तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडे लागले तर आणखी खाली पाहावे. अगदी बुंध्यापर्यंत कोरडे लागले तरी मृगाचा पाऊस होऊन जाईपर्यंत थांबावे. चार महिने थांबल्याने आपले काही जात नाही. न थांबल्याने काय जाते ते मी सांगितलेच आहे.

बाबांनी त्या बुंध्याभोवतीची जागा उघडीच ठेवली. त्या वर्षी पाऊस विदर्भात उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला. पण त्याच्या आधीच, मे महिन्यात, बुंध्याच्या कडेने तीन कोंब वर आले होते. आज ते माझ्या उंचीचे झाले आहेत. फळ अजून धरलेले नाही. आजीचे झाड ज्या उंचीवर होते तिथे पोहोचायला त्यांना पुष्कळ पावसाळे लागतील, आणि आजी आता पंच्याऐंशीची आहे. या हिशोबाकडे मी फार वेळ पाहत नाही.

यंदाच्या माघात आमच्या निंबाने पाने टाकली, मोगऱ्याचा उपास झाला आणि सीताफळाच्या तिन्ही फांद्या पुन्हा उघड्या पडल्या. आजी गावी आहे. तिला आता नीट दिसत नाही. रविवारी तिचा फोन आला. परीक्षेचे विचारले, बाबांच्या गुडघ्याचे विचारले आणि मग म्हणाली, “सीताफळ फुटलं काय?”

मी म्हटले, “नाई अजून. पण नख लावून पाह्यलं. हिरवं हाये.”

“मंग झालं तर,” आजी म्हणाली. “पाणी नोको टाकू इतक्यात.”